खिडक्या बंद ठेवा

त्या धुराड्याशी माझं उघड वैर होतं. जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवायचा कारखाना आमच्या गल्लीच्या टोकाला आहे आणि त्याचं धुराडं माझ्या शिलाई मशीनपुढच्या खिडकीत अगदी मधोमध येतं. पायडल मारता मारता मी त्याला शिव्या घालायचे. नवरा त्याच कारखान्यात कामाला, म्हणून त्यातल्या चार त्याच्याही वाट्याला यायच्या.

"अगं, त्या धुराड्यानं तुझं काय घोडं मारलंय?" तो म्हणायचा. "तेच आपल्याला जेवू घालतं."

"तेच एक दिवस आपल्याला खाईल," मी म्हणायचे. माझी जीभ कात्रीपेक्षा धारदार आहे, यावर माहेर आणि सासर या दोघांचं एकमत आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. नवऱ्यानं कारखान्यातच आंघोळ करायची, कामाचे कपडे तिथेच ठेवायचे, बूट दाराबाहेर काढायचे, मग घरात पाऊल टाकायचं. लग्नाच्या पहिल्या आठवड्यात घातलेला हा नियम त्यानं एकदाही मोडलेला नाही. आणि दुसरी खोड म्हणजे मला काही टाकवत नाही. पडद्याची उशी, उशीचं पायपुसणं, पायपुसण्याचं भांडी उतरवायचं फडकं. "वहिनी वर जाईल तेव्हाही चिंध्यांचं गाठोडं काखेत मारून जाईल," असं माझी नणंद सगळ्यांना सांगत फिरते. तिनं दीड वर्षापूर्वी पाळणाघर काढलं, तेव्हा मुलांना दुपारी झोपायला चोवीस गाद्या मी शिवून दिल्या. आत घालायला जाड, मऊ कापड घरात होतंच, वरून फुलाफुलांच्या खोळी. गल्लीत कुणाला बाळ झालं की त्यालाही एक छोटी गादी माझ्याकडून जायची. लोक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आमच्या मुलीला सगळे बटण म्हणतात. जन्मली तेव्हा तिचे डोळे कोटाच्या बटणांसारखे काळे नि गोल होते. चार वर्षांची होईतो तिला माझ्या डब्यातली सगळी रिळं ओळखता यायची. मी मशीनवरून मान न उचलता म्हणायचे, "मोरपंखी दे," की तिचा इवला हात मोरपंखीच घेऊन यायचा. आकाशी आणि फिकट निळा यांतला फरक तिच्या बापाला अजून कळत नाही, तिला कळायचा.

मग तिचं पोट दुखायला लागलं. आधी मला वाटलं, जंत असतील. मग वाटलं, पाळणाघरात जायचं नाही म्हणून नाटकं करते. तोंडाचा रंग उतरला, जेवण उष्टं राहायला लागलं, एवढ्या तेवढ्यावरून रडून गोंधळ. एके दिवशी मी मोरपंखी रीळ मागितलं आणि बराच वेळ हात आलाच नाही. मान वळवून पाहिलं तर ती डब्यात हात घालून तशीच उभी होती. "आई, मोरपंखी कुठला?" तिनं विचारलं. मशीनचं चाक मी हातानं धरून थांबवलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि चार दिवसांनी मला एकटीलाच आत बोलावलं.

"हिच्या रक्तात शिसं आहे," त्या म्हणाल्या. "पाचच्या वर गेलं तरी आम्हाला काळजी वाटते. हिचं अडतीस आहे."

"म्हणजे काय होतं?"

"लहान मुलांचं शरीर शिसं पटकन शोषून घेतं. रक्त कमी होतं, पोट दुखतं. आणि मेंदू वाढायच्या वयात ते मेंदूत जातं. ती काही विसरायला लागलीय का?"

मी मोरपंखी रिळाचं सांगितलं. बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. एवढंसं बोलणं माझं, ते त्यांनी लिहून घेतलं याचीच मला जास्त भीती वाटली.

त्या दिवसापासून मी पेटले. धुराडं तर समोरच उभं होतं, पुरावा आणखी कसला हवा? नवऱ्याला मी नको नको ते बोलले. पाळणाघरात मुलं ठेवणाऱ्या आयांना गोळा करून मुलांची रक्तं तपासायला लावली. अकरा मुलांची तपासली, अकराही जणांत शिसं निघालं. मग आम्ही कारखान्याच्या फाटकावर धडकलो. मी सगळ्यांत पुढे होते आणि माझा आवाज सगळ्यांत वरचा होता.

मुकादम बाहेर आला. म्हणाला, "ताई, धूर मोजून झालाय, अधिकारी मोजून गेलेत. वरून काही बाहेर पडत नाही. धूर गाळूनच सोडतो आम्ही."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! मग काय आकाशातून पडलं शिसं?" मी ओरडले, आणि मागच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

कारखान्याचं काही वाकडं झालं नाही, पण मी हातावर हात ठेवून बसणारी नाही. घराच्या खिडक्या बंद केल्या, फटींत कापडाच्या पट्ट्या ठोकल्या. पाळणाघराच्याही केल्या. दार तेवढं येण्याजाण्यापुरतं उघडायचं. मुलांनी अंगणात खेळायचं नाही, असा हुकूमच सोडला. नणंद म्हणाली, "वहिनी, दिवसभर आत कोंडून ही कार्टी माझं डोकं खातील."

"झोपव त्यांना जास्त वेळ," मी म्हटलं. "नाहीतर गाद्यांवर उड्या मारू दे. बाहेरची हवा नको."

गल्लीत घरोघर जाऊन मी हेच सांगितलं. लहान मूल आहे ना घरात? मग खिडक्या बंद ठेवा. माझ्या शब्दाला आता वजन आलं होतं, आयांनी ऐकलं.

दोन महिन्यांनी बटणचं रक्त पुन्हा तपासलं. एकसष्ट.

डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला. मी तो उलटा धरलाय की काय असं वाटून फिरवून पाहिला. सोळाच असेल, असं मनाला सांगितलं. एकसष्टच होतं. "आजच दाखल करावं लागेल," त्या म्हणाल्या. "आणि जिथून हे येतंय ते सापडलं पाहिजे. नाहीतर इकडून आम्ही काढू आणि तिकडून भरत राहील."

तिसऱ्या दिवशी आरोग्य खात्याची एक मुलगी आली. केस वाळवायच्या यंत्रासारखं एक यंत्र तिच्या हातात होतं. एखाद्या वस्तूला ते टेकवलं की तिच्यात शिसं किती, ते मागच्या काचेवर उमटतं. अकरा मुलांना जोडणारी जागा एकच म्हणून ती आधी पाळणाघरात आली. मी नवऱ्याला बटणच्या उशाशी बसवून तिच्या मागे मागे फिरत होते, कधी एकदा धुराड्याचं नाव घेते याची वाट बघत.

तिनं खिडकीची चौकट तपासली. थोडंसं. भिंतीचा रंग, काही नाही. नळ, काही नाही. खेळणी पुसून घेतलेल्या फडक्यात थोडं जास्त. अंगणातली माती तपासून तिनं खांदे उडवले. "रस्त्याकडेला असतं तेवढंच आहे," ती म्हणाली. मला तिचा रागच आला.

मग कोपऱ्यात रचलेल्या गाद्यांवर तिनं यंत्र टेकवलं. काचेकडे पाहिलं. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि दुसऱ्या गादीला लावलं. मग तिसऱ्या.

"यांच्या आत काय आहे?" तिनं विचारलं.

"चांगलं जाड कापड आहे," मी म्हटलं. "मी स्वतः शिवल्यात. तीन पाण्यांतून काढलंय ते, एक डाग शोधून दाखवा."

"कापड कुठून आणलं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि माझं उत्तर मलाच पहिल्यांदा ऐकू आलं.

"कारखान्यातल्या पिशव्या आहेत. धूर गाळायच्या."

धुराड्याच्या पोटात माणसापेक्षा उंच पिशव्या टांगलेल्या असतात. धूर त्यांच्यातून जातो, त्यातली शिशाची भुकटी पिशवीच्या कापडात इतकी खोल अडकते की धुऊनही पुरती निघत नाही, आणि गाळलेला धूर वर जातो. वर्षभरानं पिशव्या बदलतात. बदलण्याचं काम माझ्या नवऱ्याचं. जुन्या पिशव्यांचा ढीग एकदा मी फाटकाशी पाहिला होता. इतकं मऊ, उबदार कापड पुरून टाकतात म्हणून हळहळले होते. "मला आणून द्या की," मीच नवऱ्याला म्हटलं होतं. मुकादम खूशच झाला, त्याचा खड्डा खणायचा त्रास वाचला.

मुकादम खोटं बोलला नव्हता. वरून खरंच काही बाहेर पडत नव्हतं. ते सगळं पिशव्यांत होतं, आणि पिशव्या मी घरात आणल्या होत्या.

त्या मुलीनं तोंडाला फडकं बांधलं, ब्लेडनं गादीची कड उसवायला घेतली. लवकर उसवेना. मुलांनी ओढलं तरी निघू नये म्हणून मी दुहेरी टीप मारली होती. शेवटी कड सुटली, तिनं कापडावर एक टिचकी मारली आणि खाली ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर करड्या पिठासारखं काहीतरी सांडलं. नणंद माझ्याकडे बघत होती. तिचा स्वतःचा मुलगा त्या अकरांत होता.

दवाखान्यात गेले तेव्हा नवरा बटणचे पाय चेपत बसला होता. मी त्याला व्हरांड्यात नेलं.

"पिशव्या बदलताना तोंडाला काही लावता?"

"मुखवटा. लावावाच लागतो."

"हातमोजे?"

"हो. का गं?"

मी सांगितलं. तो भिंतीला पाठ लावून सरकत सरकत खाली बसला. "तू धुऊन घेतेस ना, म्हणून मी..." एवढंच म्हणाला. मी मागितल्या, त्यानं आणल्या. त्या व्हरांड्यात शिव्या द्यायला मला कुणी उरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्तातलं शिसं औषधांनी उतरेल. जे बिघडलंय त्यातलं किती भरून येईल, ते आज सांगता येणार नाही. बटणला सुई टोचलेली होती. तिला झोप येत होती पण लागत नव्हती. "आई, माझी गादी आण ना," ती म्हणाली. रोज त्या गादीचा कोपरा तोंडात धरून झोपायची ती. त्या कोपऱ्यावर मी तिच्यासाठी एक गोल बटण भरतकामानं काढलं होतं.

आता रडत बसायलाही वेळ नव्हता. पाळणाघरातल्या मुलांच्या घरी नणंद निघाली. छोट्या गाद्या मी ज्यांना दिल्या होत्या त्यांची घरं मलाच ठाऊक. चार घरं झाली. एकीनं दार तोंडावर आपटलं, एक रडली, एकीनं मला पाणी दिलं, एकीला काही समजलंच नाही, तेव्हा मी दोनदा सांगितलं.

पाचवं घर जुळ्यांचं. दोन महिन्यांची मुलं. त्यांच्या आईनं हसत दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मला आत ओढलं. खोलीत कोंदट, गरम अंधार होता. खिडकीच्या फटींत तिनं कागदाचे बोळे भरले होते. पलंगावर फुलाफुलांच्या गादीवर दोन्ही मुलं गालाला गाल लावून झोपली होती.

"तुमच्याच गादीवर झोपतात, दुसरीकडे ठेवलं की रडतात," ती कुजबुजली. "आणि काकू, तुम्ही सांगितल्यापासून मी एकदासुद्धा खिडकी उघडलेली नाही."

मी एकेका हातावर एकेक मूल उचललं. ती दचकून पुढे आली.

"आधी खिडकी उघड," मी म्हटलं. "मग सांगते."