सहावा उंदीर

मित्रांनो, मी एक म्हातारा सूक्ष्मदर्शक आहे. भिंगांत बुरशी धरली आहे, मान वळवली की कुरकुरते, आणि नव्या यंत्रांच्या रांगेत मला आता कोणी बसवत नाही. पण सांगायचं आहे ते वेगळंच. ते सांगताना मला लाज वाटते.

माझा जन्म जपानमधल्या कारखान्यात झाला. तिथून जहाजाने आलो तो थेट खोन केन शहरातल्या इस्पितळात, डॉक्टरांना बारीक शिवण शिकवणाऱ्या खोलीत. आमच्याकडे उसाच्या चरकात माणसांची बोटं जातात. तुटलेलं बोट जोडायचं तर त्यातली शेवईएवढी रक्तवाहिनी केसाहून बारीक दोऱ्याने शिवावी लागते. ती दिसते माझ्या डोळ्यांतून. मला याचा केवढा तोरा होता म्हणून सांगू!

ही शिवण डॉक्टर शिकत जिवंत उंदरावर. भूल दिलेला पांढरा उंदीर माझ्याखाली निजवत, मांडीतली रक्तवाहिनी कापत आणि पुन्हा जोडायला बघत. तो उंदीर परत जागा होत नसे. सुरुवात करण्याआधी प्रत्येक जण हात जोडून त्याची माफी मागे. वर्षातून एकदा भिक्खू येत, मंत्र म्हणत, उंदरांच्या नावाने दान होई. शिकवणाऱ्या विसुत सरांचे डोळे तेव्हा खरोखर भरून येत. दुसऱ्या दिवशी पिंजरे पुन्हा भरलेले असत. चौदा वर्षं हे असंच चाललं, आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

उंदरांचं दाणापाणी बुनरुआन मावशींकडे होतं. पिंजऱ्यातून टेबलापर्यंत त्या प्रत्येकाला हातात धरून आणत, ट्रॉलीवरून कधीच नाही.

एका वर्षी पिमदाव नावाची तरुण डॉक्टर आली. मुलगी हुशार, पण चिमटा धरला की हात लटलट कापायचा. पहिल्या दिवशी सकाळी तिचा पहिला उंदीर दोन मिनिटांत गेला. रक्तवाहिनी फाटली. मग दुसरा गेला, तिसरा गेला. दरवेळी ती हात जोडायची, दरवेळी माफी मागायची, आणि दरवेळी तिचा हात आधीपेक्षा जास्त कापायचा. माझ्या भिंगाखाली ती रक्तवाहिनी टकटक उडताना दिसायची, आणि मग थांबायची. दुपारपर्यंत पाच झाले. पिमदावने हातमोजे काढले आणि म्हणाली, की हे माझ्याच्याने होणार नाही, मी गावी परत जाते.

विसुत सरांनी तिला धीर दिला आणि सहावा उंदीर मागवला. मावशी आत गेल्या, पण उंदीर घेऊन आल्या नाहीत. संध्याकाळी निखाऱ्यावर भाजायला त्यांनी बाजारातून कोंबडीच्या तंगड्या आणल्या होत्या. त्यातली एक त्यांनी माझ्याखाली ठेवली.

"हिच्यावर शिव आधी," त्या म्हणाल्या.

सरांना ते आवडलं नाही. मेलेल्या मांसात रक्त वाहत नाही, टाका जमला की फसला हे कळणार कसं, असं ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"रक्ताचं नंतर बघू ना, सर. तिला अजून चिमटासुद्धा धरता येत नाही. तेवढं शिकायला पाच जीव गेले." मावशींचा आवाज चढला नव्हता. "आपल्याला माफी मागायची सवय लागलीय. मागितली, की झालं."

सरांनी खुर्ची ओढली आणि पिमदावला समोर बसायची खूण केली.

त्या दिवसापासून पिमदाव आधी रबरी हातमोज्याच्या तुकड्यावर शिवू लागली, मग तंगडीतल्या रक्तवाहिनीवर. मावशी तिला चिडवायच्या, की तुझ्यामुळे माझ्या घरी भाताबरोबर नुसती चटणी खातात. तीन महिने गेले. मगच मावशींनी सहावा उंदीर आणला. पिमदावने त्याची माफी मागितली आणि तिचा हात कापला नाही. शेवटचा टाका पडला, रक्त अडवून धरणारा चिमटा सुटला, आणि जोडलेली रक्तवाहिनी माझ्याखाली टकटक उडू लागली.

तो उंदीर वाचला असं मी म्हणणार नाही. तोही जागा झाला नाही. पण पहिल्या दिवसासारखे त्याच्यामागोमाग आणखी चार जीव द्यावे लागले नाहीत. पुढे सरांनी सगळ्याच नव्या डॉक्टरांना आधी रबरावर आणि तंगडीवर बसवलं.

त्या वर्षी भिक्खू आले तेव्हा विसुत सरांनी पहिल्यांदाच गेलेल्या उंदरांचे आकडे मोठ्याने वाचले. आदल्या वर्षी चारशे बारा, या वर्षी एकसष्ट. "आधीच्यांतले किती लागलेच नसते, हे मला मोजता येत नाही," ते एवढंच म्हणाले आणि खाली बसले. मित्रांनो, मलाही येत नाही. मी तर त्या प्रत्येकाला वीसपट मोठं करून पाहिलं होतं. तरी मला दिसलं नाही.

आता मी कोपऱ्यात असतो, आणि नव्या डॉक्टरांचा पहिला धडा माझ्याखालीच होतो, हातमोज्याच्या तुकड्यावर. परवा एका नवख्याने ऐकीव रिवाजाप्रमाणे त्या रबरालाच हात जोडले. सगळे हसले. मावशी, आता पार पिकलेल्या, दारातून म्हणाल्या, "हसताय काय? जोडू दे त्याला."

मग त्याने टाका घातला. रबर टर्रकन फाटलं. मावशींनी दुसरा तुकडा कापून दिला.

मित्रांनो, तुम्हीही काही शिकायला बसाल. हात कापेल, चूक होईल, होऊ द्या. फक्त ती आधी अशा ठिकाणी करा, जिथे दुसरा तुकडा कापून देता येतो. मला हे त्या पाच उंदरांच्या आधी कळायला हवं होतं.