पास्कोची आरोळी

पास्कोच्या गावात नाव ओढायची तरी ‘बाउझ’ म्हणत आणि बिअर ढोसायची तरी ‘बाउझ’च. कॉर्नवॉलच्या त्या खाडीत धक्का नव्हता. नावा दोर-कप्प्या लावून वर खडीवर ओढाव्या लागत. पुढचा गडी ‘बाउझ!’ अशी आरोळी ठोकी आणि बाकीचे एका दमात दोर खेचत. नाव वर आली की बिअरच्या मगातला पहिला घोट आरोळीवाल्याचा, तोही ‘बाउझ!’ म्हणूनच घ्यायचा. कुणाला जास्त झाली तर बायका म्हणत, “आज शीड फारच ताणलंय!”

वर्षानुवर्षं ती आरोळी पास्कोची होती. पण हिवाळ्यातल्या खोकल्यात त्याचा घसा बसला तो बसलाच, आणि नावेच्या तांडेलाने आरोळीचा मान दिला डेन्झिलला. म्हणजे पास्कोच्या सख्ख्या मेव्हण्याला! पास्कोचा नुसता जळफळाट झाला.

“तूच त्याला चोरून मध चाटवत असशील,” तो बायकोला म्हणाला.

“माझा भाऊ आहे तो, वैरी नाही,” लव्हडे म्हणाली.

“माझा आहे ना!”

“मग बसा कुढत. कुढून घसा सुटत असेल तर बघा.”

त्या दुपारी समुद्र खवळलेला होता आणि नाव तारली मासळीने गच्च भरलेली. पास्को दोराच्या शेपटाला उभा राहिला. त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं: नाव अर्ध्यावर आली की आपण हात सैल सोडायचे. नाव घसरेल, मासळी पाण्यात जाईल, आणि डेन्झिलची आरोळी कुचकामी म्हणून गावभर छी-थू होईल.

“बाउझ!” डेन्झिल गरजला. नाव हलली. “बाउझ!” ती अर्ध्यावर आली. मागून मोठी लाट येत होती. हीच वेळ, पास्कोने बोटं सैल केली.

“बाउझ!”

आणि पास्कोचे हात आवळले. मनाला विचारलंसुद्धा नाही त्यांनी! जन्मभर ज्या शब्दावर ओढलं, त्या शब्दावर ते पुन्हा ओढायला लागले. पाय खडीत रुतले, पाठ कडाडली, आणि लाट फुटायच्या आत नाव वर आली.

बिअरचा मग भरून आला. डेन्झिलने तो तोंडाला न लावता थेट पास्कोसमोर धरला.

“आधी तुम्ही, दाजी. मधे दोर सुटतोय असं वाटलं होतं मला. तुम्ही मागून धरलात म्हणून नाव आली. नाहीतर माझी आरोळी काय चाटायची होती?”

सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. खडीवर जमलेल्या बायकांत लव्हडे तर डोळे पुसायला लागली.

पास्कोने तो मग हातात घेतला. बसक्या घशानेच ‘बाउझ’ म्हणत पहिला घोट घेतला. मेल्या डेन्झिलने त्याला धड जळायचीही सोय ठेवली नव्हती.