चांद्याच्या शेवटच्या कांड्या

"झाकण सरकलेलं होतं, ताई. किती दिवस, देव जाणे." डॉक्टरनं कंटेनरमध्ये मोजपट्टी बुडवून वर काढली. पट्टीच्या अगदी टोकाला जेमतेम बोटभर दव धरलं. तेवढाच द्रव नायट्रोजन तळाशी उरला होता.

ताईनं आत डोकावून पाहिलं. हा कोपऱ्यातला जुना कंटेनर. नव्या वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या नव्या खोलीत गेल्या, आणि ज्यांना कुणी मागत नाही असे वळू इथे मागे राहिले. त्यांतच चांद्या होता. कपाळावर पांढरा ठिपका असलेला, तांबूस, शांत वळू. मरून कितीतरी वर्षं झाली होती. त्याच्या दोन कांड्या तेवढ्या उरल्या होत्या.

"सगळंच फेकावं लागणार," डॉक्टर हळूच म्हणाली. वयानं ती ताईच्या भाचीएवढी, पण हात हलका आणि स्वभाव सरळ.

"चांद्याचं नको ना लगेच. आबा आलेत."

फाटकाशी खरंच आबा उभे होते, गायीचं दावं मनगटाला गुंडाळून. चांद्याला लहानाचा मोठा त्यांनीच केला होता. केंद्रातून निवृत्त होताना त्यांनी एकच गोष्ट मागितली होती: आपली गाय माजावर आली की चांद्याची कांडी द्यायची. गाय आज पहाटे माजावर आली होती. तिचंही वय झालेलं. पुन्हा येईल न येईल, कोण सांगणार?

ताई या केंद्रात लागली तेव्हा नुकतं लग्न झालेलं होतं. वळूंचं वीर्य तपासायचं काम, म्हणून नातेवाइकांत ती 'दूध तपासते' असं सांगायची. एकदा आबांनी ते ऐकलं. चांद्याची मान खाजवत ते म्हणाले, "लाजायचं काय त्यात, पोरी? तू, मी, तुझे साहेब, सगळे तिथूनच आलो. चांद्या बघ, कसा ताठ मानेनं चालतो." त्या दिवसापासून तिची लाज गेली ती गेलीच. तिचा शिंपी नवरा अजून थट्टा करायचा, "एक डोळा मिटून दिवसभर वळूंकडे बघतेस, कधी माझ्याकडेही बघ." तीही ऐकून घ्यायची नाही. "तू हललास तर बघीन," म्हणायची.

हलणं. तिचं सारं आयुष्य त्या एका गोष्टीकडे बघण्यात गेलं होतं. गोठवताना पेशीतल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फाला सुया फुटतात आणि त्या सुया पेशीचं पातळ आवरण फाडतात. म्हणून वीर्यात अंड्याचा बलक घालायचा, ग्लिसरीन घालायचं, आणि मग ते अशा थंडीत न्यायचं की तिथे काळही हलत नाही. तिथे राहिलं तर वर्षानुवर्षं राहतं. धोका असतो तो वाटेवरचा. जाताना आणि येताना. धड गार नाही, धड ऊब नाही अशा मधल्या जागेत रेंगाळलं की बारीक बर्फ पुन्हा जाड होतो आणि झोपेतल्या झोपेत पेशी मरतात. झाकण सरकल्यावर चांद्या किती वेळ त्या मधल्या जागेत होता, हे बाहेरून कळायला मार्ग नव्हता. कळण्यासाठी कांडी वितळवायची, आणि एकदा वितळवली की परत गोठवता येत नाही.

"एक बघते," ताई म्हणाली.

डॉक्टरनं होकारार्थी मान हलवली.

चिमट्यानं तिनं वरच्या बाजूची कांडी उचलली आणि कोमट पाण्यात सोडली. कांडीवरचं पांढरं दव विरलं. पुसून, टोक कापून, एक थेंब उबदार काचपट्टीवर घेतला. मग तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि नेहमीसारखी आजूबाजूची खोली दूर गेली.

त्या उजेडाच्या गोल तळ्यात सगळं थांबलेलं होतं. शेपट्या वळलेल्या, डोकी सुजलेली. कुणीतरी मूठभर बी उधळून निघून जावं तसं ते पसरलं होतं. ती बघत राहिली. कधीकधी एखादा उशिरा जागा होतो. कुणी जागं झालं नाही.

"गेलं," ती म्हणाली.

तेवढ्यात दारातून आबांचा आवाज आला. "दुसरी आहे ना?"

ते केव्हा आत आले ते कुणालाच कळलं नव्हतं. गाय बाहेर खांबाला बांधून आले होते.

"आहे आबा. पण तीही अशीच निघायची शक्यता जास्त. आणि काढली की संपली."

"ठेवून तरी काय करणार? तुम्ही लोणचं घालणार आहात का त्याचं?"

डॉक्टरला हसू आवरलं नाही. मग ती गंभीर झाली. "काढा, ताई. थोडंसं जरी हललं, तरी उरलेलं मी लगेच गायीला भरते. थांबून चालणार नाही."

दुसरी कांडी अगदी तळाशी होती. ताईनं ती पाण्यात धरली तेव्हा आपलाच श्वास तिला मोठा वाटू लागला. थेंब ठेवला. डोळा लावला.

पुन्हा तेच तळं, तीच शांतता. आणि मग एका कडेनं एक शेपटी थरथरली. आळस दिल्यासारखी. तो निघाला, अडखळला, सरळ झाला आणि उजेडातून आरपार गेला. त्याच्यामागे आणखी एक. दूरवर आणखी काही. आपल्या धन्याला जाऊन इतकी वर्षं झाली याचा त्यांना पत्ताच नव्हता. ते कालच निघाल्यासारखे पोहत होते. ताईला वाटलं, त्या काचेपलीकडे कुठेतरी ते जुनं आवार असेल, सकाळ असेल, आणि चांद्या नुकताच मान झटकून उभा राहिला असेल.

"आहे का?" आबांनी विचारलं.

"आहे. थोडा आहे."

"मला बघू दे."

ती बाजूला झाली. आबांनी डोळा लावला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बराच वेळ ते वाकून राहिले.

"नुसता उजेड दिसतोय," ते म्हणाले. "छान आहे."

"आबा, खरं सांगते. शंभरात आठ-दहा हलतायत. नियमानं ही कांडी द्यायचीच नाही."

"एक पुरतो ना?"

"शेवटी एकच लागतो. पण तिथवर पोचायला पुष्कळ असावे लागतात."

"बरं," आबा म्हणाले. त्या 'बरं'मध्ये हट्ट नव्हता.

डॉक्टर तोवर कांडी कापडात गुंडाळून, अंगाशी ऊब देत बाहेर निघालीही होती. तिनं काम मन लावून केलं, घाई असूनही हिसका नाही. आबा गायीच्या कानाशी काहीबाही पुटपुटत होते. काम झाल्यावर गायीला हळूहळू घेऊन गेले.

मधले तीन आठवडे ताईला अधूनमधून विचित्र, गोड स्वप्नं पडली. उजेडाच्या तळ्याकाठी एक तांबूस वासरू उभं असायचं. नवऱ्याला सांगितलं तर त्यानं या खेपेला थट्टा केली नाही. सुई तशीच हातात धरून म्हणाला, "होईल गं."

मग एका सकाळी फाटकाशी दावं मनगटाला गुंडाळलेले आबा दिसले आणि काही विचारायची गरज उरली नाही. गाय उलटली होती, पुन्हा माजावर आली होती.

"नाही राहिलं," ते तरीही म्हणाले. निरोप पोचवायची जबाबदारी असल्यासारखे.

ताई पुढे झाली. "आबा, आता..."

"कुणाचंही द्या. चांगला असेल तो द्या. चांद्या मला हवा होता, पोरी. तिला वासरू हवंय."

ताईनं नव्या खोलीतून एका तरुण वळूची कांडी आणली. थेंबात नुसती झुंबड होती, रेटारेटी, धावाधाव. "उत्तम आहे," ती म्हणाली आणि आपला आवाज नीट निघाला याचं तिला बरं वाटलं. डॉक्टरनं कांडी भरली. गाय शांत उभी राहिली.

आबा फाटकाकडे वळले नाहीत. गायीला घेऊन ते मागच्या बाजूला गेले, जिथे पूर्वी चांद्याचा गोठा होता. आता तिथे मोडक्या खुर्च्या आणि पत्रे रचून ठेवले होते. त्या ढिगाच्या सावलीत ते उभे राहिले. गाय तिथलं उंच वाढलेलं गवत खाऊ लागली. त्यांनी दावं सैल सोडलं.

ताई खिडकीशी आली. गायीचं पोट भरेपर्यंत आबा तसेच उभे होते.