जयवंताच्या डब्यातली देवी

छप्पन्न सालच्या श्रावणात रोहणा गावात देवी अवतरली, तीही पत्र्याच्या डब्यात. भर दुपारी जयवंताच्या कोठीघरात माणसं दाटीवाटीनं बसत. दारं-खिडक्या बंद. जयवंता डब्याचं घट्ट झाकण काढी. आत मिट्ट काळोख. "माय झोपली हाय. उठ माय, उठ!" असं ती घोळून घोळून म्हणे आणि डब्यातलं ओलं लाकूड हळूहळू हिरवट उजळू लागे. बायाबापड्या लोटांगण घालत. पुढ्यातला साखरेचा ढीग पाहता देवीला गोडाचा भारी सोस असावा.

यशोदाबाईच्या मात्र पोटात दुखे. ती जयवंताची थोरली जाऊ आणि गावची सुईण. अर्ध्या गावाची नाळ तिनं कापली होती, पण तिच्या पाया कधी कोणी पडलं नव्हतं. आता तिच्याच बाळंतिणी धाकटीच्या दारात रांग लावत. मत्सरानं तिला घास गोड लागेना. शेवटी जयवंता धुणं घेऊन नाल्यावर गेली, तेव्हा तिनं डब्यातल्या लाकडाच्या चार ढलप्या चोरल्या. आपल्याही घरी देवी का नको?

ढलप्या तिनं तंबाखूच्या डबीत गच्च भरल्या. दुसऱ्या दिवशी अंधाऱ्या खोलीत झाकण काढलं, तर उजेड नाही. देवीसुद्धा धाकटीच्याच बाजूची, म्हणून ती रडायला लागली. डोळे पुसून पाहते तो ढलप्या उजळलेल्या! पुन्हा झाकल्या, काही तासांनी उघडल्या, पुन्हा तेच. मंत्र एकही म्हटला नव्हता. ती डबी घेऊन तडक शाळेत गेली.

"ही लाकडावरची बुरशी आहे," प्रभाकरराव मास्तर म्हणाले. "जिवंत आहे, श्वास घेते. झाकण लावलं की आतला प्राणवायू संपतो आणि उजेड विझतो. हवा लागली की परत येतो. असे चकाकणारे जंतू शास्त्रज्ञ मुद्दाम वाढवतात. बंद भांड्यात प्राणवायूचा अंश जरी शिरला, तरी ते उजळून सांगतात."

त्याच दुपारी गावातल्या प्रमिलानं आपली तापानं फणफणलेली पोरगी जयवंतापुढे आणली. यशोदाबाईही डबी घेऊन गर्दीत बसली होती. डबा उजळला. जयवंता म्हणाली, "पोरगी वाचते! पण आर्वीच्या दवाखान्यात नेली तं माय रुसन!"

पोरीची मान ताठली होती, ताप मेंदूत चढला होता, हे यशोदाबाईच्या हाताला कळलं. तिनं आपली डबी उघडली, मंत्र एकही म्हटला नाही. ढलप्या उजळल्या.

"यशोदाबाईलेबी माय पावली वो!" कोणीतरी ओरडलं आणि सगळी गर्दी तिच्या पायांवर आली. इतके दिवस यशोदाबाईला जे हवं होतं, ते पायाशी होतं. फार गोड वाटलं. असंच बसून राहावं, असंही क्षणभर वाटलं.

मग ती उठली. येताना घरून आणून दाराशी ठेवलेलं कढत पाणी तिनं आपल्या डबीत ओतलं, जयवंताच्या डब्यातही ओतलं. काळोख झाला.

"मोठ्याबाई, काऊन केलं वो असं?" जयवंता किंचाळली.

"बुरशी होती, मेली. आता उठव तुह्या मायले! ह्या ढलप्या मी तुह्याच घरून चोरल्या. जळून राह्यली होती मी तुह्यावर. पण या पोरीच्या जिवावर मले देवी नाई व्हायचं." तिनं दार सताड उघडलं. "प्रमिला, उजेड कायचा हाय ते आधी इचारत जा, मंग पाया पडत जा. अन् आता बंडी जुंपा रे कोणी!"

बंडी निघाली तेव्हा पोरीचं डोकं यशोदाबाईच्या मांडीवर होतं. तिच्या पाया पडायला आता कोणी नव्हतं. सगळे चिखलातून चाकं ढकलत होते.