भवानीच्या आधी

सुभद्राने वांगी निवडून तागडीत टाकली आणि पदराच्या गाठीतली नोट सोडवून पुढे केली. दमयंतीने हात मागे घेतला.

"भवानी तुमच्याकडनं नको आज," ती म्हणाली. "जरा बाजूला उभ्या राहा. दुसरं कोणी येऊ दे."

आणि तागडीतली वांगी तिने परत ढिगावर ओतली.

दादर स्टेशनाबाहेरच्या त्या गल्लीत वसईच्या बायका उजाडायच्या आत टोपल्या मांडून बसत. आपल्याच वाडीतला माल, मध्ये दलाल नाही, म्हणून भाव जरा कमी. तेवढ्यासाठी सुभद्रा लालबागहून पायी यायची. गिरणी चालू होती तेव्हाही ती दमयंतीकडेच येई, पण तेव्हा दमयंती लांबूनच हाक मारायची, "वहिनी, आधी इकडे या, भवानी तुमच्या हातची." सुभद्राचा हातगुण चांगला, हे तिनेच गल्लीभर करून ठेवलं होतं. दिवसाची पहिली विक्री सुभद्राला झाली की दुपारच्या आत टोपली रिकामी. पहिल्या गिऱ्हाइकाला कोणी तसंच परत पाठवत नाही, म्हणून सुभद्राही आपला मान वसूल करायची, चार-दोन आणे पाडून घ्यायची. दोघींचं बरं जमलं होतं.

आता गिरण्यांच्या संपाला वर्ष होत आलं होतं. कापड विणणाऱ्या साचेखात्यात ज्याचा शब्द चालायचा तो तिचा नवरा गणपत, सभेहून आला की भिंतीकडे तोंड करून निजायचा. वाण्याने उधारी बंद केली, ते समजण्यासारखं होतं. पण चाळीतल्या बँकवाल्यांनी हळदीकुंकवाचं बोलावणंसुद्धा बंद केलं, ते कशासाठी? गिरण्यांच्या भोंग्यावर ज्या शहराने इतकी वर्षं घड्याळं लावली, तेच शहर आता गिरणगावातलं माणूस दिसलं की खिसा चाचपत होतं. हे सगळं सुभद्राने गिळलं होतं. पण भाजीच्या टोपलीपुढूनही आपल्याला उठवतील, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"का गो? नोट फाटकी आहे का?"

दमयंती कोबीचे गड्डे सरळ करत राहिली. उत्तर दिलं ते शेजारी कांदे-बटाटे घेऊन बसणाऱ्या भिवाने, आणि तेही न विचारता.

"व्हा ना बाई बाजूला. संपवाल्यांचा हात लागला की दिवस आडवा जातो. सगळ्या बाजाराला ठाऊक आहे."

सुभद्राने दमयंतीकडे पाहिलं. तिने भिवाला गप्प करावं, एवढीच तिची अपेक्षा होती. दमयंतीने भाजीवर पाणी शिंपडायला घेतलं.

मग मात्र सुभद्राच्या डोक्यात तिडीक गेली.

"दिवस आडवा जातो?" ती भिवाकडे वळली. "अरे, पगाराच्या दिवशी आमच्या बायकांनी पिशव्या भरभरून नेल्या, तेव्हा कोणाचे हात लागत होते तुझ्या कांद्याला? आमच्या खिशात पैसा नाही म्हणून तुझा माल पडून राहतो. हात कसला बघतोस? गिरणीच्या मालकाकडे बघ ना. त्याच्याकडे बघायची छाती नाही, आणि आमच्या हातात अपशकुन दिसतो तुला." मग तिने तोच हात दमयंतीच्या तोंडासमोर धरला. राग अनावर झाला की तिच्या तोंडी गावची भाषा येई, तशी आली. "आणि तू गो? माझ्या हाताक किडे पडले काय? रात्रंदिवस उदबत्त्यो वळून कमावलेले पैसे हत हे."

"ऐका वहिनी. थोडं थांबा म्हटलं ना," दमयंती खालच्या आवाजात म्हणाली. "आरडू नका."

सुभद्रा निघून जाऊ शकत होती. गल्लीत टोपल्यांना काही तोटा नव्हता. पण अशी हाकलल्यासारखी जायला तिचं मन तयार होईना. ती टोपलीपासून हातभर अंतरावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला बरोबर अडचण होईल अशी उभी राहिली. काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ दे, असं तिने ठरवलं.

पहिल्या बाई आल्या त्या हिंदू कॉलनीकडच्या असाव्यात. कडक इस्त्रीची साडी, हातात वेताची परडी. त्यांनी दोन वांग्यांना नख लावून पाहिलं, दुधीला नख लावलं, भाव विचारला आणि लूट आहे नुसती, असं म्हणून पुढे गेल्या. दमयंती त्यांना एका शब्दाने काही बोलली नाही. नासधूस करणारं नख चालतं, सुभद्राच्या मनात आलं, पण पैसे पुढे करणारा माझा हात चालत नाही.

मग एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी दोन लिंबं घेतली, घासाघीस न करता नाणं ठेवलं आणि गेले. दमयंतीने नाणं कपाळाला लावलं, कमरेच्या पिशवीत टाकलं आणि लगेच सुभद्राकडे वळली.

"आणा पिशवी."

सुभद्राने द्यायच्या आधीच तिने ती काखेतून ओढून घेतली. मघाची वांगी भरभर आत टाकली. त्यावर वालपापडी, मुळ्याची जुडी, मूठभर मिरच्या, आणि शेवटी अर्धा कोबी. वजन नाही, माप नाही. सुभद्राने नोट काढली तशी तिने मानेनेच नको म्हटलं.

"पैशाचं नंतर बघू. गिरणी सुरू झाली की." आणि मग, भिवाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "भवानीच्या आधी उधार किंवा फुकट काही देत नाहीत, वहिनी. टोपली उठते, धंदा बुडतो. म्हणून थांबवलं तुम्हाला. त्याच्यासमोर कसं सांगणार?"

सुभद्राने नोट तशीच पुढे धरून ठेवली.

"मला कशाला फुकट?"

"दिवाळीपासनं बघते. कोबीची वरची पानं नेता रोज. बकरीला म्हणून." दमयंतीने नजर खाली वळवली. "लालबागच्या चाळीत, तिसऱ्या माळ्यावर, कसली हो बकरी?"

सुभद्राला वाटलं होतं की ही थाप छान पचली आहे. त्या जाड पानांची चण्याची डाळ घालून केलेली भाजी गणपतलाही कळली नव्हती. आणि इथे ही बाई रोज पानं काढून ठेवत होती, बकरीची चौकशी करत होती, आणि सगळं जाणून होती. मघाचा राग त्यापुढे काहीच नव्हता. अपशकुनी म्हटल्यावर भांडता तरी येतं. कीव केल्यावर माणसाने काय करावं?

तिने पिशवी उचलली आणि टोपलीवर उलटी केली. वांगी, शेंगा, मिरच्या, सगळं बदाबदा खाली आलं. एक मुळा भिवाच्या कांद्यांत जाऊन पडला.

"मी गिऱ्हाईक आहे तुझी," सुभद्रा म्हणाली. आवाज चढला नव्हता. "भिकारीण नाही. भाव सांग."

"वहिनी, अहो..."

"वांग्याचा भाव सांग."

दमयंतीने तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं. मग मांडी बदलली, तागडी उचलली आणि चेहऱ्यावरची सगळी मऊसूत काळजी पुसून टाकली.

"पाव किलो बारा आणे."

"दहाला दे."

"परवडत नाही."

"समोरची आठला देते."

"मग तिच्याकडे जा. तिची बेचव असतात." दमयंतीचा आवाज आता गल्लीभर जाईल एवढा मोठा झाला होता. "घ्यायचं तर घ्या, नाहीतर पुढे व्हा. उगाच खोळंबा नको. मला धंदा करायचाय."

"राहू दे मग तुझी सोन्याची वांगी," सुभद्रा म्हणाली आणि पिशवी झटकून चालू लागली.

ती भिवाच्या समोरून गेली, त्याच्याकडे न बघता. पुढच्या केळीवालीच्या टोपलीपाशी पोचली. लग्न होऊन मुंबईत आल्यापासून बाजारात ती अशीच चालत आली होती, हाक ऐकू येईल इतक्याच बेताने. आज दमयंती हाक मारणार नाही, तिच्या मनात आलं. आणि नाही मारली, तर ह्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

"ओ वहिनी!" मागून दमयंती ओरडली, चांगली वैतागलेली. "या, न्या दहाला. सकाळच्या पारी नुसतं डोकं खायचं माणसाचं."

सुभद्रा लगेच वळली नाही. केळ्यांचा एक घड हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिला, खाली ठेवला, आणि मग कपाळाला आठ्या घालून परत आली. टोपलीपुढे उकिडवी बसली. मघाशी स्वतःच निवडलेली वांगी तिने ढिगातून पुन्हा एकेक उचलली, देठ पाहिले, दाबून पाहिली, दोन बाजूला काढली.

"किती ते निवडायचं," दमयंती खेकसली.

सुभद्रा निवडत राहिली.