सावलीचं खळं

तिच्या पत्राला त्याने उत्तर दिलंच नव्हतं. ती त्याची वहिनी व्हायची होती. पण दादा युद्धात विमान घेऊन गेला तो परतला नाही. नंतर तिचं पत्र आलं होतं, चारच ओळींचं. "शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिलंय, 'तुला एकदा खळं दाखवायचंय.' धान्य मळायचं खळं मला कशाला? धान्यवाल्याची मुलगी म्हणून चिडवलं का? तुम्ही पुष्कळ वाचता, तुम्हीच सांगा."

ते त्याला ठाऊक होतं. दादाने पत्रातून त्यालाच विचारलं होतं, "अरे पुस्तककिड्या, खाली ढगावर विमानाची सावली पडते, आणि तिच्याभोवती रंगीत कडं. त्याला काय म्हणतात?" त्याने उलट टपाली ठोकून दिलं होतं, "खळं. चंद्राला पडतं तसं."

पण सावलीला खळं पडतं का? शब्दच चुकला असेल तर? खात्री करून लिहू, असं म्हणता म्हणता केस पिकले. कपाट कोशांनी भरलं. खळं सगळ्यांत होतं, चंद्राचं आणि धान्याचं. सावलीचं एकातही नव्हतं.

आज ताई आली आणि तिने दादाची पेटी उपसली. टोपी, चष्मा, चामडी हातमोजे. मोज्यांची बोटं अजून काही धरल्यासारखी वाकलेली. तळाशी त्यानेच ठेवलेलं ते चार ओळींचं पत्र.

"हिला उत्तर दिलं नाहीस?"

"शब्दाची खात्री नव्हती."

"धन्य आहे! घर पेटलं तर 'आग' शब्द कोशात बघशील."

"आता काय उपयोग, ताई?"

"आहे ती अजून. नातवंडांत रमलीय. परवा भेटली तर विचारत होती, धाकटे अजून वाचतातच का?"

ताई गेल्यावर त्याने कागद पुढे ओढला. त्याने लिहिलं, "ती थट्टा नव्हती. विमानाच्या सावलीभोवती रंगांचं कडं पडतं, ते तुम्हाला दाखवायचं होतं. शब्द माझा, चुकला असल्यास दोष माझा."

एवढ्याने तिला पटेल? मग त्याने दादाचं ते पत्र काढलं. दादाने फक्त त्याला लिहिलेलं ते एवढंच. 'पुस्तककिड्या'वरून एकदा बोट फिरवलं आणि पाकिटात घातलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत हात घालून तो बराच वेळ उभा राहिला. मागे एक बाई खोकली.

"आजोबा, टाकताय की काढताय?"

"टाकतोय," तो ओशाळून म्हणाला, आणि पाकीट सोडलं.