दोन माणसांची ऊब

१९.५

घर दाखवताना मालकीणबाईंनी आधी खिडकी लावली. खाली बसथांबा, किल्ल्या बनवणारा, झेरॉक्सचं दुकान, हॉर्न, कोणीतरी कोणाच्या तरी आईचा उद्धार करत होतं. खटका बसला आणि सगळं मुकं झालं. माणसं नुसती तोंडं हलवत राहिली.

"तीन काचा," बाई म्हणाल्या. "भिंती हातभर जाड. या घरात हीटर नाही. लागतच नाही."

"मग थंडीत?" नवऱ्याने विचारलं. तेव्हा नवरा होता.

"तुम्ही आहात ना! दोन माणसं राहिली, दोन वेळा काही शिजलं, की तेवढ्यावर घर उबदार. मात्र दोन म्हणजे दोन. आधीचा भाडेकरू एकटाच होता. भिंतींना पाणी सुटलं, कोपऱ्यात बुरशी. काढला त्याला. माझा सख्खा भाऊ."

दाराशेजारी हाताएवढी एक चौकट, तिच्यात घरातल्या हवेचं तापमान. अठराच्या खाली गेलं की भिंत घामेजते. बाई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी येऊन बघणार.

बायको मात्र खिडकीतून समोर बघत होती. रस्त्यापलीकडे, बरोबर समोर, ती दातांच्या कवळ्या बनवायची ते वर्कशॉप. आजवर ती शहराच्या टोकाहून दोन बस बदलून यायची, उभ्याने, आणि पोचल्यावर पहिला तासभर हाताचा कंप जायचा नाही. इथून जिना उतरला की काम.

"हे घर मी सोडणार नाही," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, "बघू."

बघितलं त्याने. दुसरीकडे.

१६.५

जाताना त्याने घडीची खुर्ची नेली, चांगली उशी नेली आणि नव्वद किलोंची ऊब नेली. नव्या बाईकडे हीटर आहे म्हणे.

मालकीणबाई फोनवर गोडच बोलल्या. "वाईट वाटलं हो ऐकून. आठवडाभरात दुसरं माणूस आणा, नाहीतर सामान बांधा. मैत्रीण, मावशी, कोणीही. श्वास घेणारं असलं की झालं."

मैत्रिणींना घरं होती. बहिणीशी बोलणं नव्हतं. उरली सासू.

सासू लेकीकडे होती, जावयाच्या घरात. पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडला लागून तिची कॉट. तिचा फोन नातवंडांनी आपटून फोडला होता, नवा कोणी आणला नव्हता.

"माझा मुलगा तुला टाकून गेला आणि तू मला न्यायला आलीस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"वेगळी कॉट आहे. खिडकीजवळ."

"आणि?"

"दोन माणसं लागतात त्या घराला."

सासूने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग वाकून चपला शोधायला लागली.

"सुटे नसले की दुकानदार गोळी देतो," ती म्हणाली. "तशी मी. चल."

१७.५

अर्धंच माणूस आलं होतं. हाडं आणि स्वेटर.

"आई, बसून राहू नका हो. हला जरा."

"कुठे हलू? चार पावलांवर भिंत."

"हात तरी हलवा."

"मी काय शेगडी आहे? ये, फुंकर घाल. पेटते का बघ."

"अजून एक घास घ्या."

"कोंबडी पोसतेयस. कापायची कधी?"

हे इथवर ठीक होतं, हसण्यावारी नेता येत होतं. खिडकीचं तसं नव्हतं. सासूने सारं आयुष्य शर्टाच्या कारखान्यात काजं शिवली होती, शंभर मशीनच्या खडखडाटात. शांतता तिला खायला उठायची. सून खाली उतरली की ती खिडकी सताड उघडायची आणि किल्लीवाल्याशी वरूनच गप्पा मारायची. त्याच्या गुडघ्याचं दुखणं तिला तोंडपाठ झालं होतं. समोरून सुनेला उघडी खिडकी दिसायची आणि ती कोणाची तरी अर्धी घासलेली कवळी हातात घेऊन रस्ता ओलांडत, जिना चढत, धापा टाकत वर यायची.

"ऊब जाते! किती वेळा सांगायचं?"

"जाऊ दे. तुझं सगळं जातंच. नवरा गेला, ऊब गेली."

त्या दिवशी सुनेने पान्याने खिडकीची मूठ काढली आणि पर्समध्ये टाकली.

२०

शुक्रवारी सासूला ताप भरला.

"डॉक्टरला बोलव."

"उद्या."

"अंग भाजतंय गं."

"हो," सून चौकटीकडे बघत म्हणाली. "दिसतंय."

आकडा तापामुळे चढला की खिडकी बंद राहिल्यामुळे, हे तिला शोधायचं नव्हतं. रविवारी बाई येणार होत्या. डॉक्टर आला की दवाखान्यात ठेवा म्हणणार, ठेवलं की घरात एकटी ती, आणि मग पुन्हा दोन बस. तापाची गोळी डब्यात होती. तिने दिली नाही. पाणी दिलं, दोन गोधड्या घातल्या, चारी बाजूंनी नीट खोचल्या. असं तिने नवऱ्याचंही कधी केलं नव्हतं.

शनिवारी काम करता करता तिने मान वर केली तर सासू खिडकीत. काचेवर दोन्ही तळवे आपटत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं. किल्लीवाला बरोबर खाली, मान घालून कोणाची तरी किल्ली घासत होता. त्याने काही वर बघितलं नाही.

सुनेने तोंडावरचा मास्क नीट केला आणि पुढचा दात बसवला.

२१

मालकीणबाईंनी तळवा कोपऱ्यातल्या भिंतीला लावला.

"वा! कोरडी ठणठणीत."

मग तोच तळवा सासूच्या कपाळाला. तो मात्र लगेच उचलला.

"हिला ताप आहे."

"थोडासा."

बाई उरलेल्या एकमेव खुर्चीवर बसल्या. "हे बघा, मी स्पष्ट बोलणारी आहे. थंडी अजून अर्धीही सरलेली नाही. ही निभावेल? दुसरं कोणी बघून ठेवलंय का?"

सासूचे डोळे उघडे होते. सुनेला ते माहीत होतं.

"बघते," ती म्हणाली.

"बघते नाही. आठवड्यात मला नाव कळलं पाहिजे."

"माझी धाकटी जाऊ आहे," गोधडीतून आवाज आला. "एकटीच असते. माझ्या दुप्पट."

"बघा, किती समजूतदार आहेत! नशीब लागतं अशी सासू मिळायला." बाई उठल्या. जाताना त्यांनी दार हलक्या हाताने ओढून घेतलं, ऊब जाऊ नये म्हणून.

सून पेन घेऊन कॉटपाशी आली. "नंबर सांगा."

"आधी डॉक्टर."

"आधी नंबर. मग लगेच डॉक्टर. शप्पथ."

"कोणाची?"

सुनेने पेनचं टोपण काढलं. सासूने ते बघितलं. मग एकेक आकडा सांगायला लागली, मध्ये श्वास घेत, ओठ ओले करत. सून तळहातावर लिहीत गेली.

"पुढे? एकच राहिला."

"तो डॉक्टर आला की आठवेल."

"आई, मस्करी नको."

"मस्करी कुठली! ताप आहे मला. तापात विसरायला होतं."

"आठव ना गं! डोकं चालव जरा!"

सासूने डोळे मिटले. ओठांच्या कडा किंचित वर गेल्या होत्या. छातीवरची गोधडी भराभर खालीवर होत होती.

सुनेने तळहाताकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं. मग ती रिकाम्या झालेल्या खुर्चीवर बसली. शेवटचा आकडा शून्य धरून फोन लावला. बंद होता. एक. कोणी पुरुष खेकसला, तिने ठेवून दिला. दोन.

"पाणी," सासू म्हणाली. आणि जरा वेळाने, "अगं, ऐकतेस का?"

"शू. रिंग वाजतेय."